काळ्या पडद्यामागचा दुभाष्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आपल्या कुठल्याच पंचांगात नाही. ना सण, ना पुण्यतिथी. पण तालुक्याच्या गावातली झेरॉक्सची दुकाने, वाचनालये, शाळांच्या संगणकखोल्या आणि घराघरांत कापडाखाली झाकून ठेवलेले जुने संगणक यांच्या आयुष्यात ती मोठीच तारीख ठरली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. २०१५ साली आलेली ही प्रणाली दहा वर्षे चालली. त्या दिवशी यंत्रे बंद पडली नाहीत, हे खरे. पण चोराने भिंतीत नवी फट शोधली तर ती बुजवायला कंपनीचा गवंडी येणार नाही, एवढा त्याचा अर्थ. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली. 'विंडोज ११' टाकावी म्हटले तर तिच्या अटी कडक. टीपीएम नावाची सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे २०१७च्या आधीचा बहुतेक संगणक धडधाकट असूनही बाद.

धडधाकट वस्तू बाद करण्याची सवय आमच्या वऱ्हाडाला अजून लागलेली नाही. इथे शिवणयंत्र आजीकडून नातीकडे येते आणि विहिरीवरची मोटर जळली तर ती भरून आणतात, फेकत नाहीत. मग संगणकच भंगारात का द्यायचा? या प्रश्नाला उत्तर म्हणून लिनक्सचे नाव हल्ली लहान गावांतही ऐकू येऊ लागले आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने लिहायला घेतलेला हा प्रणालीचा गाभा. त्याला कर्नल म्हणतात. जगभरच्या हजारो लोकांनी तो पुढे वाढवला. त्याच्यावर उबुंटू, मिंट अशा अनेक प्रणाली उभ्या आहेत. आपल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' त्यांतलीच. पैसे लागत नाहीत, जुन्या यंत्रावर चालते, मराठीत चालते, उर्दूतही चालते. चोरून आणलेल्या सीडीवरची विंडोज वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांना तर पहिल्यांदाच राजरोस मालकीची प्रणाली मिळते, आणि माझ्या मते हे काही लहान सुख नाही.

मात्र हे सुख पदरात पडण्याआधी एक उंबरठा लागतो आणि बरेच जण नेमके तिथेच ठेचकाळतात. प्रणाली बसते, यंत्र पुन्हा सुरू होते, आणि पडदा काळा. मी संगणकाचा पदवीधर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण हा काळा पडदा मी जवळून पाहिला आहे, आणि त्यामागे भाषेचाच घोटाळा असतो हे कळल्यावर मला त्यात रस वाटू लागला.

आमच्या संग्रामपुरात एका लहानशा वाचनालयाच्या कामात मी असतो. तिथे दोन जुने संगणक आहेत. पोलीस भरती, तलाठी भरती, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, सगळ्यांचे अर्ज आता ऑनलाइन. सोनाळा, टुनकी, बावनबीर या बाजूची मुले-मुली तिथे येऊन अर्ज भरतात, सराव परीक्षा सोडवतात. इथे यंत्र मिळाले नाही तर शेगाव किंवा खामगाव गाठायचे. एसटीचे भाडे, सेवाकेंद्राचे पैसे आणि घरातल्या एखाद्याची बुडालेली मजुरी. विंडोजची मुदत संपली तेव्हा पुण्याला शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला होता. त्याने दोन्ही यंत्रांवर लिनक्स मिंट टाकले. पहिले सुरळीत चालले. दुसऱ्यावर मिंटचे हिरवे चिन्ह क्षणभर चमकले आणि पडद्यावर अमावस्या झाली. सकाळी भरतीचा अर्ज भरायला आलेली एक मुलगी म्हणाली, "चाचा, हे तं चालूच होऊन नाही राह्यलं. फारमची शेवटची तारीख परवाची हाये." आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदाने लगेच निकाल दिला, "कायले डोकं लावता मियाँ? देऊन टाका भंगारात!"

भाच्याने तेव्हा एक साधी गोष्ट केली, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. त्याने कीबोर्डवरचे कॅप्स लॉकचे बटन दाबले. दिवा लागला. पुन्हा दाबले, विझला. "मामू, मशीन जिवंत आहे," तो म्हणाला, "फक्त तिचं बोलणं पडद्यापर्यंत पोहोचत नाहीये."

आता हे बोलणे म्हणजे काय ते पाहू. पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आजच्या साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा पडद्यावर पाठवायचे, म्हणजे बारा कोटी चव्वेचाळीस लाखांच्या वर ठिपक्यांचा हिशेब दर सेकंदाला. एवढी मजुरी मुख्य प्रोसेसरवर टाकली तर त्याला दुसरे काही सुचणार नाही. म्हणून चित्र काढण्यापुरता वेगळा कारागीर ठेवतात, त्याचे नाव ग्राफिक्स कार्ड. हा कारागीर कामाला वाघ, पण त्याची भाषा त्याची स्वतःची. कंपनीगणिक वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांची सुद्धा वेगळी. प्रणालीला ती येत नाही. दोघांच्या मध्ये जो उभा राहतो आणि इकडचे तिकडे सांगतो, तो ड्रायव्हर. आपल्याकडे ड्रायव्हर म्हटले की काळी-पिवळी जीप डोळ्यांपुढे येते. पण इथे तो गाडी हाकणारा नाही, दुभाष्या आहे.

शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या काही गावांत निहाली नावाची भाषा बोलली जाते. बोलणारे थोडे उरले आहेत. कोरकूचा, मराठीचा तिच्यावर पुष्कळ परिणाम झालेला आहे, पण मुळात ती जगातल्या कोणत्याही भाषाकुळात निश्चितपणे बसवता आलेली नाही. एकटी भाषा. समजा, फक्त निहाली जाणणारे एक आजोबा तहसील कचेरीत आले आणि समोर नुकतेच पुण्याहून बदलून आलेले साहेब बसले आहेत. आजोबा शहाणे, साहेबही सज्जन, दोघांचीही काम करण्याची इच्छा. तरी काम होणार नाही, कारण मध्ये दुभाष्या नाही. फार तर हातवाऱ्यांवर निभेल: बस, ऊठ, अंगठा दे. ड्रायव्हरशिवाय लिनक्स असेच हातवाऱ्यांवर निभावते. प्रत्येक कार्डाला ओळखीच्या चार-दोन खुणा कळतातच. त्या खुणांवर पडदा उजळतो, पण अक्षरे मोठमोठी, चित्र भरड, खिडकी सरकवली की तिच्या मागे रेघा ओढल्या जातात आणि प्रोसेसर तापतो.

दुभाष्या तयार करायचा तर भाषेचे व्याकरण हवे. निहाली माणूस आपली भाषा आनंदाने शिकवील. कायपर या डच भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कार्डांच्या कंपन्यांचे मात्र तसे नव्हते. एनव्हिडिया ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी, १९९३ साली अमेरिकेत स्थापन झालेली. तिची पुण्यातही कचेरी आहे. आपल्या कार्डांचे व्याकरण तिने अनेक वर्षे तिजोरीत ठेवले. लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण तयार, बंद डब्यात. उघडून बघायचा नाही, दुरुस्त करायचा नाही.

बंद डब्याचे हे दुखणे जुने आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेला सुमारे १९८० साली झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर मिळाला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सोय केली होती, की कागद अडकला की वापरणाऱ्यांना संदेश जावा. नव्या प्रिंटरलाही तेच करावे म्हणून त्याने मूळ प्रोग्रॅम मागितला. तो ज्याच्याकडे होता त्या प्राध्यापकाने, मी कंपनीला वचन दिले आहे, असे सांगून नकार दिला. त्या नकाराचा सल स्टॉलमनच्या मनातून गेला नाही. १९८३ साली त्याने 'ग्नू' ही मुक्त प्रणालीची मोहीम जाहीर केली, आणि पुढे लिनसचा गाभा आणि ग्नूची अवजारे एकत्र येऊन आज आपण जिला लिनक्स म्हणतो ती प्रणाली झाली. म्हणजे या साऱ्या चळवळीच्या मुळाशी छापण्याच्या यंत्राची एक कुरकुर आहे. छापखान्याचे उंबरठे झिजवणाऱ्या माझ्यासारख्याला ही कथा विशेष जवळची वाटते.

एनव्हिडियाच्या बंद डब्यावर काही जिद्दी लोकांनी भाषाशास्त्रज्ञासारखाच उपाय केला. कंपनीचा ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो ते त्यांनी चोरून नव्हे, उघड कान देऊन ऐकले. अमुक सांगितले की कार्ड तमुक करते, अशा नोंदी केल्या, नोंदींवरून शब्द आणि शब्दांवरून व्याकरण. त्यातून जो ड्रायव्हर झाला त्याचे नाव 'नूवो'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नवा. २०१०च्या फेब्रुवारीत आलेल्या कर्नलमध्ये तो सामील झाला. पण ऐकून शिकलेली भाषा ती; काही कार्डांशी छान बोलतो, काहींशी अडखळतो. २०१४नंतरच्या कार्डांत तर कंपनीने आपल्या सहीचा फर्मवेअर असल्याखेरीज कार्डाला पूर्ण वेग घेता येऊ नये अशी योजना केली आणि या बिचाऱ्या दुभाष्याची फार पंचाईत झाली. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात खुद्द टोरवाल्ड्सने या कंपनीला उद्देशून कॅमेऱ्याकडे बोट दाखवून जे उद्गार काढले ते रविवारच्या पुरवणीत छापण्याजोगे नाहीत. दहा वर्षांनी, मे २०२२मध्ये, कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला. पण तो २०१८ आणि त्यानंतरच्या पिढीच्या कार्डांपुरता. आपल्याकडच्या जुन्या कार्डांना त्याचा उपयोग नाही.

इंटेल आणि एएमडी यांची गोष्ट निराळी. इंटेलचे ड्रायव्हर खुले आणि कर्नलमध्येच असतात. एएमडीने २००६ साली एटीआय ही कार्डांची कंपनी विकत घेतली आणि दुसऱ्या वर्षापासून कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली. तिच्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या कार्डांचे ड्रायव्हरही कर्नलबरोबरच येतात. म्हणून या दोन कंपन्यांच्या बाबतीत पहिला नियम असा, की काहीही शोधून आणू नका आणि काहीही बसवू नका. प्रणाली अद्ययावत करा, पुरे.

आता काळ्या पडद्यापुढे बसल्यावर काय करायचे? सर्वांत आधी प्रणालीला दोष देण्याआधीचा एक प्रश्न. यंत्र सुरू करताच कंपनीचे जे नाव किंवा चिन्ह येते, ते नीट दिसते का? त्या क्षणी लिनक्स जागेही झालेले नसते. तिथेच रंगीत चौकटी, तुटक रेघा दिसत असतील तर कार्डच आजारी आहे. ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. चिन्हही दिसत नसेल तर वायर पाहा. कार्ड बसवलेल्या संगणकाला मागे पडद्याच्या वायरसाठी दोन ठिकाणी खोबणी असतात. एक वर, कीबोर्ड-माउसच्या खोबणींजवळ, ती मदरबोर्डाची. दुसरी खाली, आडवी, ती कार्डाची. कार्ड बसवलेले असताना वायर वरच्या खोबणीत खुपसलेली, असे प्रकार मी पाहिले आहेत. आमच्याकडच्या धुळीत कार्डाचा पंखा जाम होतो, तोही बोटाने फिरवून पाहावा, अर्थात वीज बंद करून.

चिन्ह दिसते, मग काळे होते, आणि कॅप्स लॉकचा दिवा ऐकतो. असे असेल तर दुखणे दुभाष्याचे. अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन ही तीन बटने एकदम दाबून पाहावीत. पुष्कळदा नुसत्या अक्षरांचा एक पडदा उघडतो आणि नाव विचारतो. तो उघडला म्हणजे निम्मी काळजी गेली. तुमच्या फायली, तुमचे लेखन सारे जागेवर आहे.

तोही उघडला नाही तर यंत्र पुन्हा सुरू करून ग्रब नावाची यादी गाठायची. नव्या यंत्रात एस्केप आणि जुन्यात शिफ्ट बटन सुरुवातीलाच दाबून ती येते. यादीतल्या पहिल्या ओळीवर थांबून 'ई' दाबले की काही मजकूर उघडतो. त्यात 'लिनक्स' या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी एक लांब ओळ असते. तिच्या शेवटी एक जागा सोडून एक शब्द जोडायचा: नोमोडसेट. रेडिओवर स्पेलिंग सांगायची पद्धत नाही, पण सांगतो. एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. मग एफ-दहा दाबायचे. या शब्दाचा अर्थ असा की, बाबा रे, दुभाष्याला बोलावू नकोस, तूर्त हातवाऱ्यांवर चालव. पडदा उजळतो, भरड का होईना. हा शब्द त्या एका खेपेपुरताच असतो आणि तेच बरे. कोणी तो कायमचा लिहून ठेवला, तर पुढे चांगला ड्रायव्हर असूनही त्याला कामावर घेतले जात नाही. मिंट बसवतानाच्या यादीत 'कॉम्पॅटिबिलिटी मोड' आणि उबुंटूच्या यादीत 'सेफ ग्राफिक्स' असते, त्यामागे हाच शब्द आहे.

आमच्या वाचनालयात पडदा असा उजळला. मग भाच्याने टर्मिनल उघडून एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरे, एक जागा, उणे चिन्ह आणि 'के' असे टाइप केले. यंत्रात काय काय बसवले आहे त्याची यादी आली. 'व्हीजीए' लिहिलेल्या ओळीपुढे कार्डाचे नाव होते. या यादीत 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. तिच्यापुढे दुभाष्याचे नाव. ओळच नसेल तर दुभाष्या आलाच नाही. आमच्या यादीत ती नव्हती.

इथे बहुतेक लोक एक घाई करतात. विंडोजच्या सवयीने कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर जातात आणि तिथली फाइल उतरवून चालवतात. ती कधी बसतेही. पण मिंट किंवा उबुंटूच्या कोठारातून न आल्यामुळे प्रणालीच्या दप्तरी तिची नोंद होत नाही. आधीचा नूवो कामावर असतानाच हा दुसरा येऊन बसला तर आणखी गोंधळ, कारण एका कार्डाला एका वेळी एकच दुभाष्या चालतो. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आणि उबुंटूमध्ये 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' नावाची खिडकी आहे. इंटरनेट जोडून ती उघडायची, 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर निवडायचा आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. दहापैकी आठ वेळा विषय इथेच संपतो, असे या मुलांचे म्हणणे आहे.

आमचे यंत्र उरलेल्या दोनांतले. खिडकी रिकामी होती. कार्ड फार जुने, कधी काळी कुणीतरी वापरलेले आणून बसवलेले. कंपनी कुठली ते सांगत नाही. दोष वयाचा होता. जुन्या कार्डांचे असे होते, की कंपनी त्यांचा ड्रायव्हर एका क्रमांकाशी गोठवते आणि काही वर्षांनी त्याची देखभालही सोडते. एनव्हिडियाचेच उदाहरण घ्या. बाजारात एकेकाळी खूप खपलेले जीफोर्स २१० हे कार्ड ३४० क्रमांकाच्या मालिकेवर थांबले. ती मालिका २०१९च्या अखेरीस संपली. ६१०चे कार्ड ३९०वर थांबले, ती २०२२मध्ये संपली. ७१० हे ४७०वर, ती २०२४मध्ये. ७३० नावाने तर आत दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे कार्ड विकले गेले, त्यामुळे नुसत्या डब्यावरच्या नावावर जाऊ नये. इकडे कर्नल मात्र दर दोन-तीन महिन्यांनी पुढे सरकतो.

हे समजायला आमच्या भागातल्या माणसाला रेल्वे पुरते. अकोला–खंडवा लाइन मीटरगेज होती, रुळांतले अंतर एक मीटर. वान रोडवरून जाणाऱ्या त्या गाडीने ज्यांनी प्रवास केला त्यांना सातपुड्यातली ती वळणे अजून आठवतात. अकोला–अकोट टप्पा ब्रॉडगेज झाला आणि २०२२ साली त्यावर गाडी धावली. ब्रॉडगेजचे अंतर १.६७६ मीटर. आता मीटरगेजचा डबा कितीही मजबूत असला तरी या रुळांवर चढणार नाही. गोठलेला ड्रायव्हर हा मीटरगेजचा डबा आणि नवा कर्नल म्हणजे रुंद झालेला मार्ग.

मग इलाज काय? एक, खुल्या नूवोवर भागवायचे. अर्ज भरणे, टायपिंग, व्हिडिओ पाहणे एवढ्याला तो पुष्कळदा पुरतो. आमच्या यंत्रावर खुल्या ड्रायव्हरने जागा होताच यंत्र गोठत होते. दोन, नवे कार्ड, त्याला पैसे. तिसरा इलाज सर्वांत स्वस्त आणि लोकांना तोच सुचत नाही: कार्ड काढूनच टाकायचे. २०११नंतरच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरांच्या पोटात चित्र काढणारा आपला एक लहान कारागीर असतोच. मॉडेलच्या शेवटी 'एफ' अक्षर असेल तर मात्र तो नसतो. जास्तीचे कार्ड बसवले की हा घरचा माणूस गप्प बसतो. भाच्याने वीज बंद करून, बाजूचा पत्रा उघडून कार्ड बाहेर काढले, वायर वरच्या खोबणीत लावली आणि बटन दाबले. मिंटचे चिन्ह आले आणि पाठोपाठ पूर्ण, स्वच्छ पडदा. काहीच बसवावे लागले नाही. मुलीचा अर्ज त्याच दुपारी गेला. सभासद साहेबांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "मंग हे इतके दिवस इथे काय करत होतं?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. खेळ खेळणाऱ्याला, चित्रपटाचे संकलन करणाऱ्याला दमदार कार्ड लागते. वाचनालयाला, टायपिंगच्या दुकानाला, कवीला नाही. आपल्याकडे जुनी यंत्रे विकताना 'ग्राफिक्स कार्डवाला आहे' असे सांगून हजारभर रुपये जास्त घेतात, ते दहा ठिकाणी निष्कारण असते.

लॅपटॉपचे एक दुखणे वेगळे सांगायला हवे, कारण त्यातून कार्ड काढता येत नाही. नव्या लॅपटॉपात 'सिक्युअर बूट' नावाचा पहारेकरी असतो. सहीशिक्का नसलेला दुभाष्या तो आत सोडत नाही. कंपनीचा बंद ड्रायव्हर बसवताना म्हणूनच प्रणाली आधी एक पासवर्ड ठरवायला सांगते. यंत्र पुन्हा सुरू झाले की निळा पडदा येतो आणि दहा सेकंद वाट पाहतो. लोकांना वाटते काही बिघडले. ते घाबरून थांबतात किंवा 'कंटिन्यू बूट' दाबतात. पडदा निघून जातो, ड्रायव्हर बसलेला असूनही दाराबाहेर राहतो. तिथे 'एनरोल मॉक' निवडून, 'येस' म्हणून तोच पासवर्ड द्यायचा असतो. चुकले तर ड्रायव्हर पुन्हा बसवावा, निळा पडदा पुन्हा येतो. हा पासवर्ड एकदाच लागतो, म्हणून साधा ठेवावा आणि कागदावर लिहावा.

आणि समजा सगळे महिनाभर छान चालले आणि एका सकाळी अद्ययावतीकरणानंतर पडदा काळा झाला, तर? बहुधा कर्नल नवा आला आणि त्याच्या मापाचा ड्रायव्हर तयार झाला नाही. हे माप दर खेपेला नव्याने बेतून देणारा डीकेएमएस नावाचा शिंपी प्रणालीत असतो, पण त्याला 'कर्नल हेडर्स' नावाचे कापड लागते. ते नसेल तर तो गप्प बसतो. ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून आधीचा कर्नल निवडावा. यंत्र कालच्यासारखे सुरू होते. मग सवडीने हेडर्स बसवावेत. जुना कर्नल म्हणूनच लगेच पुसून टाकू नये.

वरवर सगळे ठीक दिसते पण यंत्र मंद वाटते, अशी तक्रारही येते. तेव्हा 'सिस्टिम इन्फॉर्मेशन'मध्ये ग्राफिक्सची ओळ वाचावी. तिथे 'एलएलव्हीएम पाइप' असे काही लिहिलेले आढळले तर कार्ड बसून आहे आणि प्रोसेसर त्याची मजुरी करतो आहे, असे समजावे.

टर्मिनल हा शब्द ऐकूनच ज्यांना घाम फुटतो त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ आहेत. लिनक्सच्या प्राथमिक आज्ञा त्यांत मराठी आवाजात ऐकायला मिळतात आणि त्या मोफत आहेत. आपल्या बोलीत कुणी समजावून सांगितले की यंत्राची भीती निम्मी होते.

तरीही अडलेच आणि अकोल्याच्या किंवा पुण्याच्या एखाद्या जाणत्याला फोन करायचा झाला, तर 'चालत नाही' एवढेच सांगू नये. डॉक्टरला 'बरे नाही' सांगून औषध मिळत नाही. कार्डाचे पूर्ण नाव, प्रणालीचे नाव आणि आवृत्ती, आणि यू, एन, ए, एम, ई, एक जागा, उणे चिन्ह, 'आर' असे टाइप केल्यावर येणारा कर्नलचा क्रमांक, या तीन गोष्टी हाताशी हव्यात. आमच्याकडे आता प्रत्येक यंत्राच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला त्या कागदावर लिहून चिकटवल्या आहेत. पडदा काळा होण्याआधी शेवटच्या ओळी काय आल्या, किती सेकंदांनी काळा झाला, त्याआधी कोणी काय नवे बसवले होते, हेही सांगावे. ओळी भराभर सरकत असतील तर मोबाइलवर चित्रफीत घ्यावी आणि मग थांबवून थांबवून वाचावी. फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेवावा. नाहीतर काचेत आपलाच चेहरा उमटतो आणि हवी ती ओळ नेमकी त्याच्याखाली झाकली जाते.